स्मृतिकार्य

स्मृतिकार्य : आपल्याला घडवणारा माणूस गेल्यावर त्याचे राहिलेले काम मागे उरलेल्यांनी हाती घेणे, आणि ते करता करता स्वतःही सावरणे. हा माणूस रक्ताच्या नात्यातला असेलच असे नाही. बरेचदा तो शिक्षक, गाण्यातला गुरू, तालमीतला वस्ताद किंवा चळवळीतला ज्येष्ठ सोबती असतो. बोलण्यात हा शब्द सहसा येत नाही. ‘सरांनंतर क्लास चालू ठेवायचा’, ‘ताईंचं काम थांबू द्यायचं नाही’ असेच लोक म्हणतात. स्मारक आणि स्मृतिकार्य यांची गल्लत नेहमी होते. चौकाला नाव देणे, सभागृहात तसबीर लावणे, पुण्यतिथीला हार घालणे हे स्मारकात मोडते. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘रानडे इन्स्टिट्यूट’चे नाव दिवसभरात कितीतरी तोंडी येते, पण ते घेताना बहुतेकांच्या मनात पत्रकारितेचा नाहीतर जर्मनचा वर्ग असतो, न्यायमूर्ती रानडे नसतात.

‘काय राहिले?’ हा प्रश्न या प्रथेच्या मुळाशी आहे, आणि मराठी घरांत तो सर्वांत उघडपणे दहाव्याला विचारला जातो. मुठेकाठी ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रिया विधी होतात. भाताचे पिंड मांडून मंडळी चार पावले मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा पत्र्यावर बसून मान वाकडी करतो, पण उतरत नाही. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो: धाकटीचे लग्न आम्ही करून देऊ, आईला अंतर देणार नाही, काळजी करू नका. गेलेला माणूस शिक्षक असेल, तर नात्यातला नाही म्हणून इतका वेळ कडेला उभा असलेला एखादा जुना विद्यार्थी दबकत पुढे येतो आणि म्हणतो, ‘सर, शनिवारचा तास मी घेईन.’ कावळा शिवला की सगळ्यांना हायसे वाटते. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. विधीवर विश्वास असो वा नसो, गेलेल्या माणसाला चारचौघांत, मोठ्याने आणि नेमके एकच वचन देण्याची याहून थेट रीत सापडणे कठीण.

ज्यांना हा कावळा मान्य नव्हता, अशा माणसाचे स्मृतिकार्यही याच घाटापासून हाकेच्या अंतरावर सुरू झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते. खुनानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला पुलावर जमत राहिले. शाखांच्या बैठका, शिबिरे, भोंदूगिरीचा भांडाफोड हे रोजचे कामही त्यांनी थांबू दिले नाही. कायदा हे राहिलेले काम होते, ते झाले. पण तो गावोगाव लागू होतो आहे का हे पाहणे, हे त्यातून निघालेले नवे काम.

शिष्याच्या दुःखाला आज कुठेच अधिकृत जागा नाही. मनुस्मृतीत आचार्य वारल्यास शिष्याने तीन रात्री अशौच पाळावे असे सांगितले आहे. व्यवहारातून ते केव्हाच गेले. घरी सुतक नाही, ऑफिसात रजा नाही, आणि ‘तुमचे कोण लागत होते?’ या प्रश्नाला सांगता येईल असे नातेही नाही. कामाकडे वळण्याची ओढ यातूनही येते. रडायला जागा नसली की हात कामाला लागतात.

पुणे परिसरात याचे फार जुने उदाहरण आळंदीचे. ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्या प्रसंगावरचे नामदेवांचे अभंग हे मराठीतले एक थोर शोककाव्य मानले जाते. पुढे नामदेव उत्तरेत पंजाबपर्यंत गेले, असे परंपरा सांगते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शोक आधी पुरता बोलून घेतला आणि मग पायाला भिंगरी लावली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात या प्रथेला आधुनिक रूप आले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. अंत्ययात्रेत टिटवे (प्रेतापुढे न्यायचे विस्तवाचे मडके) कोणी धरायचे यावरून भाऊबंदांत वाद झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनी वाहिली आणि १८९३ मध्ये सासवडच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

रमाबाई रानडे यांची वाट याहून संथ होती. १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. महादेव गोविंद रानड्यांनी त्यांना शिकवले, आणि घरातल्या बायकांचा रोष रमाबाईंनी सोसला. नवरा आणि गुरू एकच, त्यामुळे १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले तेव्हा त्यांच्या आयुष्यातून दोन माणसे एकदम गेली. मुंबई सोडून त्या पुण्यात आल्या आणि पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ एकांतात काढले. आजच्या सल्लागारांच्या भाषेत याला ‘स्वतःला कोंडून घेणे’ म्हणतील. पुढचे काम पाहिले की ते वर्ष वाया गेले असे मात्र वाटत नाही. नंतर त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. सेवासदन १९०९ मध्ये उभे राहिले, म्हणजे रानड्यांना जाऊन आठ वर्षे झाल्यावर. तेथे विधवा व प्रौढ स्त्रियांना शिक्षण, शिवणकाम, परिचारिकेचे काम अशा वाटा मिळाल्या. एका बाईला घरात जे चोरूनमारून शिकावे लागले होते, ते इतरजणींना उजळ माथ्याने शिकता यावे, एवढा साधा त्याचा अर्थ होता.

रानड्यांचे दुसरे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. याच समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर सेवासदनाच्या उभारणीत रमाबाईंच्या बरोबरीने राबले, म्हणजे एकाच गुरूच्या मागे निघालेल्या दोन वाटा तिथे एकत्र आल्या. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले. त्यांना राजकीय गुरू मानणारे मोहनदास गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते. ते तडक पुण्याला आले. समाजाचे सदस्य व्हावे ही गोखल्यांचीच इच्छा होती, पण सदस्यांत गांधींबद्दल मतभेद होते. आपल्यामुळे गुरूच्या संस्थेत फूट नको म्हणून गांधींनी अर्ज मागे घेतला. वर्षभर देश पाहायचा आणि तोवर जाहीर मतप्रदर्शन करायचे नाही, हे गोखल्यांना दिलेले वचन मात्र त्यांनी पाळले. गुरूची खुर्ची सोडायची आणि गुरूचा शब्द धरायचा, हा आब सगळ्यांना साधत नाही. एकाच गुरूची पुण्यतिथी एकाच संध्याकाळी दोन हॉलांत, दोन अध्यक्षांसह साजरी होणे पुण्याला नवीन नाही, आणि दोन्हीकडे भाषणे लांबतातच.

मानसशास्त्राने या बाबतीत आपले मत बदलले आहे. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हेच शोकाचे काम, अशी मांडणी सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये केली. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी उलट बाजू मांडली: नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते टिकवणे हा आजार नव्हे. १९९९ मध्ये श्ट्रोब आणि शुट यांनी दाखवले की माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात ये-जा करत राहतो. सकाळी वर्ग घेणारा विद्यार्थी दुपारी सरांच्या वहीतले अर्धवट सुटलेले गणित पाहून हमसून रडतो, यात विसंगती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घ शोकविकाराची नोंद आहे: किमान सहा महिने शोक तीव्र राहिला, समाजाच्या रीतीपेक्षा फार लांबला आणि जगणे ठप्प झाले, तर तज्ज्ञाची मदत घ्यावी. त्या अवस्थेतल्या माणसाला ‘कामात मन गुंतव’ सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला पर्वती चढायला लावण्यासारखे आहे.

स्मृतिकार्याचा सर्वांत मोठा धोका नक्कल हा आहे. गुरूचा आवाज, हातवारे, अक्षराचे वळण, अगदी खोकण्याची लकबही शिष्य उचलतात आणि त्यालाच वारसा म्हणतात. या कसोटीवर भीमसेन जोशी यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांचे गुरू सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर) १२ सप्टेंबर १९५२ रोजी वारले. अखेरची वर्षे पक्षाघातामुळे त्यांचे गाणे बंद पडले होते. १९५३ पासून भीमसेनांनी गुरूच्या स्मृतीसाठी पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने तो दरवर्षी भरत गेला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनीही तिथे गात. महोत्सव फक्त गुरूच्या किराणा घराण्यापुरता असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण तिथे इतर घराण्यांचे गवई आले, सतार-सरोद आले, नृत्य आले, आणि नवख्या कलाकाराला ‘सवाईला’ गायला मिळणे हा मान ठरला. बहुतेक रसिकांनी सवाई गंधर्वांना प्रत्यक्ष कधीच ऐकलेले नाही, तरी डिसेंबरातल्या थंडीत शाली-स्वेटर घालून, सतरंजीवर जागा धरून ते बसत आले.

भीमसेन २४ जानेवारी २०११ ला गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. त्यांच्या हयातीत शेवटचे गाणे त्यांचे असे. सांगतेला सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा आहे. चपला शोधायला निघालेले लोक तेवढ्यापुरते जागीच थांबतात.