सावरायला किती वेळ लागतो?

एक प्रयोग सांगते आधी. कॉलेजच्या मुलामुलींना लॅबमध्ये बसवलं, नाडी आणि ब्लडप्रेशर मोजायला सेन्सर लावले आणि सांगितलं की एका मिनिटात भाषणाची तयारी करा, मग कॅमेऱ्यासमोर बोलायचंय, नंतर लोक ते बघून तुम्हाला मार्क देणार आहेत. झालं, सगळ्यांची धडधड वाढली. मिनिट संपल्यावर सांगितलं की राहू दे, भाषण द्यायचं नाहीये. खरी मोजणी इथून पुढे सुरू होते, म्हणजे धोका टळलाय हे कळल्यावर हृदय परत आपल्या नेहमीच्या लयीवर यायला किती वेळ घेतं.

मिशेल टुगेड आणि बार्बरा फ्रेड्रिक्सन या दोघींनी 2004 मध्ये हा अभ्यास छापला. प्रश्नावली भरून घेऊन कोण मनाने जास्त चिवट आणि कोण कमी हे त्यांनी मोजलेलं होतं. आता आपल्याला वाटेल की चिवट मुलं घाबरलीच नसतील, तर तसं अजिबात नाही. घाबरली सगळीच, धडधड दोन्हीकडे वाढली, "मला टेन्शन आलं" हेही दोन्हीकडच्यांनी सांगितलं. फरक पडला तो परत येण्यात. चिवट मुलांचं शरीर लवकर शांत झालं, आणि त्या टेन्शनमध्येसुद्धा त्यांना थोडी उत्सुकता, थोडी मजा वाटत होती असं त्यांच्या उत्तरांतून दिसलं.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो कारण आपण खंबीर माणसाची व्याख्याच चुकीची करून ठेवलीय. खंबीर म्हणजे ज्याला काही होत नाही, जो रडत नाही, हलत नाही. त्यापेक्षा आपल्या भाषेत 'सावरणं' हा किती अचूक शब्द आहे बघा, सावरला म्हणजे आधी तोल गेला होता हे त्यात आलंच. ज्याला मानसशास्त्रात रेझिलिअन्स म्हणतात तो म्हणजे हेच सावरणं, न डगमगणं नाही.

शरीरात काय होतं ते थोडं बघू. संकट दिसलं की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हातपाय थरथरतात, तोंडाला कोरड पडते. त्याच्या मागून जरा संथ गतीने दुसरी साखळी सुरू होते, मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. कॉर्टिसोल रक्तात सर्वात जास्त दिसतं ते साधारण 20 ते 30 मिनिटांनी, म्हणून तर भांडण संपून गेलं तरी आपण अर्धा तास आतून उकळत असतो. आणि या साखळीचा ब्रेक कॉर्टिसोलच्याच हातात आहे, ते रक्तातून मेंदूत पोचतं आणि सांगतं की बास, पुरे आता, मग वरून येणारे निरोप थांबतात. म्हणजे स्ट्रेस येणं हा बिघाड नाहीच, ती शरीराची नीट चालणारी सोय आहे, बिघाड होतो तो ब्रेक लागेनासा झाला की.

ब्रूस मॅकएवन नावाचे मेंदूशास्त्रज्ञ होते, त्यांनी यासाठी 1993 मध्ये एका सहकाऱ्यासोबत 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत झीज. पुन्हा पुन्हा धक्के बसले, किंवा एकदा चालू झालेली यंत्रणा बंदच झाली नाही, किंवा रोजच्या त्याच गोष्टीची सवयच झाली नाही, तर शरीर झिजत जातं, ब्लडप्रेशर, साखर, झोप, स्मरणशक्ती सगळ्यावर परिणाम होतो. यातला सवयीचा मुद्दा बघण्यासारखा आहे. अनोळखी लोकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावायची एक ठरलेली टेस्ट आहे, तीच टेस्ट तुम्ही लोकांना रोज द्यायला लावली तर बहुतेकांचं कॉर्टिसोल दुसऱ्या दिवसापासूनच कमी उसळतं, पण काहींचं दर वेळी पहिल्यासारखंच उसळतं. त्यांच्यासाठी रोजचा दिवस पहिलाच दिवस.

मग "मनातलं दाबून टाक आणि चेहरा शांत ठेव" हा सल्ला चांगला की वाईट? जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी लोकांना अस्वस्थ करणाऱ्या फिल्म दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. त्यांनी ते जमवलं, चेहरा खरंच शांत राहिला, पण आत शरीराची धावपळ कमी होण्याऐवजी वाढली. त्याहून मला चटका लावून गेलेली गोष्ट म्हणजे 2003 च्या एका अभ्यासात अनोळखी बायकांच्या जोड्या करून त्यांना बोलायला बसवलं, जोडीतल्या एकीला गुपचूप सांगितलं की भावना दाखवायच्या नाहीत, तर तिच्या समोर बसलेल्या दुसरीचंसुद्धा ब्लडप्रेशर वाढलं. आपण ज्यांच्यासाठी म्हणून सगळं गिळून शांत बसतो त्यांनाही ते पोचतंच.

उलटा टोकाचा सल्लाही तपासून बघायला हवा, की काही वाईट घडलं की लगेच बसवून सगळं बोलायला लावा. अपघात, हल्ला अशा घटनांनंतर लगेच एकच सेशन घेऊन माणसाला सगळं परत आठवून सांगायला लावायची पद्धत बरीच वर्षं चालू होती. तिच्यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की त्यामुळे पुढे होणारा मानसिक आघाताचा आजार (पीटीएसडी) टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो. ज्याला बोलायचंय त्याला ऐकणारा माणूस हवा हे खरंच, पण ज्याला आत्ता बोलायचं नाहीये त्याला खोदून विचारणं ही मदत नव्हे.

जॉर्ज बोनॅनो हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोडीदार गेलेल्या, मोठा आजार झालेल्या, हल्ल्यातून वाचलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेत आलेत. 2018 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत असे 54 अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी साधारण दोन तृतीयांश लोक फार मोठी पडझड न होता आपलं आयुष्य चालू ठेवतात असं दिसलं. त्यांना दुःख होत नाही असं नाही हं, झोप उडते, मधेच भरून येतं, पण काम, नाती, हसणं चालू राहतं. म्हणजे सावरणं ही निवडक वीरांची गोष्ट नाही, ती माणसाची सर्वसाधारण चाल आहे. पण उरलेले जे एक तृतीयांश त्यांना काही कमी समजायचं कारण नाही, महिना उलटून गेला तरी झोप नाही, कामात मन नाही, तोच प्रसंग डोळ्यासमोर येतोय तर डॉक्टर किंवा थेरपिस्टकडे जायलाच हवं आणि उपचार चांगले आहेत, त्यांचा उपयोग होतो.

हसण्यावरून आठवलं. आमच्या घरात मृत्यू झाला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही सगळे गेलेल्या माणसाच्याच एका जुन्या फजितीची आठवण काढून पोट धरून हसलो आणि मग एकदम गप्प झालो, सगळ्यांना अपराधी वाटलं. नंतर किती तरी वर्षांनी मी बोनॅनो आणि डॅकर केल्टनर यांचा 1997 चा अभ्यास वाचला. जोडीदार जाऊन सहा महिने झालेल्या लोकांशी ते बोलले, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्यांना अगदी मनापासून, डोळ्यांतून हसू आलं ते पुढे जास्त बरे होते. त्या दिवशी हे माहीत असतं तर आम्ही अजून थोडा वेळ हसलो असतो.

आता कंट्रोलबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात मोठा यू-टर्न तिथे आहे. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला, आज वाचताना तो क्रूरच वाटतो. काही कुत्र्यांना विजेचा झटका बसला की डोक्याने पट्टी दाबून तो बंद करता यायचा, काहींना तेवढेच झटके पण बंद करायची सोय नाही. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं जिथे बुटक्या अडथळ्यावरून उडी मारली की सुटका. पहिले कुत्रे उडी मारून सुटले, दुसऱ्यांतले बरेचसे पडून राहिले आणि झटके खात राहिले. याला नाव पडलं शिकलेली असहायता.

गंमत अशी की मेंदूचं काम कळत गेलं तसं हे नावच उलटं ठरलं. मायर यांनी नंतर उंदरांवर काम केलं, त्यात दिसलं की सतत त्रास झाला की मेंदूच्या खोडातला एक छोटा भाग पेटतो आणि प्राणी गलितगात्र होतो, हे आपोआप होतं, शिकावं लागत नाही. पण आपल्या हातात काही आहे हे कपाळामागच्या मेंदूला कळलं की तो त्या खोडातल्या भागाला दाबून धरतो. 2005 मध्ये त्यांनी हा पुढचा भाग तात्पुरता बंद केला तर झटका थांबवता येणारे उंदीरही असहाय झाले. 2016 मध्ये दोघांनी मिळून लिहिलंच की आपण उलटं समजलो होतो, असहायता ही मुळातली असते आणि शिकला जातो तो कंट्रोल.

याचा अर्थ मी असा लावते की कोसळलेल्या माणसाला "हिंमत धर" म्हणण्यापेक्षा त्याच्या हातात एखादा छोटासा खराखुरा निर्णय देणं जास्त कामाचं. आजारी माणसाला विचारा, आधी अंघोळ की आधी औषध, खिडकी उघडू का. खराखुरा म्हणतेय कारण दाखवायला दिलेली निवड लगेच ओळखू येते. आणि म्हणूनच कामाचा बोजा तसाच ठेवून लोकांना रेझिलिअन्सच्या वर्कशॉपला बसवणं मला पटत नाही, ज्याच्या हातात वेळही नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही त्याला श्वासाचे व्यायाम कितीसे पुरणार. श्वासाचे व्यायाम चांगलेच आहेत, पण बोजा कमी करणं हे वेगळं काम आहे आणि ते बोजा टाकणाऱ्याने करायचंय.

माणसाला माणूस लागतो हे तर आजी पण सांगते, पण ते मेंदूत दिसतं सुद्धा. जेम्स कोन यांनी 2006 मध्ये 16 विवाहित बायकांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि अधूनमधून सौम्य झटका बसेल असं सांगितलं. एकट्या असताना मेंदूतले धोक्याचे भाग जोरात काम करायचे, अनोळखी माणसाने हात धरला तर थोडे कमी, नवऱ्याने धरला तर आणखी कमी, आणि ज्यांचं लग्न जास्त सुखाचं त्यांच्यात सर्वात कमी. कुणी काही बोललं नाही, समजावलं नाही, फक्त हात धरला होता.

हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 बाळांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या टीमने चाळिशीपर्यंत घेतला. त्यातली साधारण 200 मुलं खूप अवघड परिस्थितीतली होती, गरिबी, घरात भांडणं, आईवडिलांचं दारूचं व्यसन किंवा मानसिक आजार, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी एकदमच. त्यातली तिसरा हिस्सा मुलं तरीही चांगली, प्रेमळ, काम करणारी माणसं झाली, आणि त्यांच्या लहानपणी निदान एक तरी माणूस असा होता ज्याला ते मूल मनापासून हवं होतं, आजी, काकू, शेजारी, शिक्षक, कुणीही. हा भाग बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. कमी सांगितला जातो तो उरलेल्या दोन तृतीयांशांचा. अठराव्या वर्षी त्यातली बरीच मुलं पोलिसांच्या यादीत होती, लहान वयात आई झालेली होती, मनाने खचलेली होती, आणि अभ्यास तिथे थांबला असता तर त्यांच्या नावापुढे तेच राहिलं असतं. पण टीम बत्तिसाव्या वर्षी परत गेली, चाळिसाव्या वर्षी परत गेली, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी आपलं आयुष्य पुन्हा उभं केलेलं होतं, कुणी मोठेपणी परत शिकायला लागून, कुणी सैन्यात जाऊन, कुणी भला जोडीदार मिळाल्यावर.