दहा किलोचा पाइप
सांगलीकडे पाइपची ताकद किलोत सांगतात. सहा किलोचा, दहा किलोचा. किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एक किलो वजनाचा दाब, जवळपास वातावरणाच्या दाबाएवढाच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हवेची लाइन टाकायला घेतली, तेव्हा भावाच्या द्राक्षबागेतले दहा किलोचे पीव्हीसी पाइप उरलेले होते. माझा कॉम्प्रेसर 7 किलोला बंद होतो. प्लंबरमामा म्हणाले, "दहाच्या पायपात सातच भरणार न्हवं? मग कशाला पैसे घालवताय?"

हिशेब बिनतोड वाटतो. फक्त पाइपवरचा तो दहाचा आकडा पाण्यासाठी छापलेला असतो.

पाणी दाबलं तरी जवळजवळ दबत नाही. एक इंची, 10 मीटर पाइपात 5 लिटर पाणी मावतं आणि 7 किलो दाबाला त्यात साठते जेमतेम अर्धा ज्यूल ऊर्जा. जमिनीवर पडलेलं लिंबू उचलून ओट्यावर ठेवायला एवढीच लागते. शेतात पाइप फुटला तर चिखल होतो, चार शिव्या घालून आपण मोटर बंद करतो. हवा मात्र दबते आणि सुटायची वाट बघत बसते. त्याच पाइपात, त्याच दाबाला, हवेत साठतात सुमारे 4800 ज्यूल. 50 किलोचं सिमेंटचं पोतं तीन मजली गच्चीवरून खाली सोडल्यासारखं. पीव्हीसी ठिसूळ, त्यामुळे ही ऊर्जा सुटते ती धारदार चिपा उडवतच. उन्हानं आणि कॉम्प्रेसरच्या गरम हवेनं तो आणखी कमजोर होतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं अशा उघड्या पीव्हीसी लाइनींबद्दल 1988 मध्येच इशारा दिला होता. "आमच्याकडं पाच वर्षं झाली, काय न्हाई झालं" असं सांगणारे भेटतात. फुटायच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येक पाइपबद्दल तेच सांगता येतं.

पाइप बागेत परत गेले. तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम चांगलं, गंजत नाही. माझ्या खिशाला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप झेपला. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची घेतला, कारण वाटेत पडणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो: आतला व्यास दीडपट केला की घट साडेसात पटींनी कमी. कॉम्प्रेसर थरथरतो म्हणून तो आणि लाइन यांच्यात हातभर रबरी होज. एवढं झालं की राहतो खरा त्रास, पाण्याचा.

आदल्या जुलैत मोटारसायकलची टाकी रंगवताना गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब आले आणि सगळ्या टाकीवर फोड उठले. मी कॉम्प्रेसरला दोष दिला. पाणी आलं होतं कृष्णाकाठच्या पावसाळी हवेतूनच. 27 अंशाला, 85 टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत साधारण 22 ग्रॅम वाफ असते. काट्यावरचे 7 किलो बाहेरच्या हवेच्या एका किलोच्या वरचे असतात, म्हणून 7 किलोला आठ घनमीटर हवा एका घनमीटरात बसते. आठ वडापमधली, म्हणजे आमच्याकडच्या खासगी प्रवासी जीपमधली माणसं एकाच वडापमध्ये कोंबावीत, तसं. नायट्रोजन, ऑक्सिजन टपावर, दारात लटकून कसेही मावतात. पण वाफेच्या जागा ठरलेल्या. तापमान तेच असेल तर घनमीटरमागे 26 ग्रॅम, बाकी गर्दी कितीही असो. एका जागेत प्रत्येक वायू आपापल्यापुरता दाब देतो, हे जॉन डाल्टन यांनी 1801 साली मांडलं. इथं तेच दिसतं. आठ घनमीटरांची 176 ग्रॅम वाफ आली, 26 ला जागा मिळाली, उरलेली दीडशे ग्रॅम पाणी होऊन खाली उतरली. मिनिटाला 100 लिटर हवा ओढणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरमधून सव्वा-दीड तासात कपभर पाणी!

पण ते लगेच उतरत नाही. दाबताना हवा तापते, आणि तापलेल्या हवेत वाफेला जास्त जागा असते. म्हणून कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेल्या फिल्टरमधून वाफ वाफेच्याच रूपात निसटते आणि पुढं गनच्या तोंडाशी थंड होते. माझी लाइन आधी भिंतीनं वर जाते, मग आढ्याखालून पुढं, आणि सगळ्यात शेवटी फिल्टर. धातूच्या त्या लांबीवर हवा निवते. आडव्या पाइपाला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार, कॉम्प्रेसरपासून दूर. गनकडं उतरणारी फांदी मामा आडव्या पाइपाच्या पोटातून काढायला निघाले होते, नळाला काढतात तशी. तिथूनच तर पाणी वाहतं. आम्ही टी, म्हणजे फांदी फोडायचा तीन तोंडांचा जोड, उलटी फिरवली: फांदी पाइपच्या डोक्यातून वर, मग वळून खाली. मुख्य लाइनच्या टोकाला वीतभर शेपूट आणि तिच्या बुडाशी कॉक.

सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले. 7 किलोला एक मिलिमीटरचं भोक सेकंदाला लिटरभर हवा सोडतं; छोट्या कॉम्प्रेसरची निम्मी कमाई तिथंच जाते. दोन सांध्यांना फेस आला. मामांनी उघडून पुन्हा टेफ्लॉन टेप गुंडाळली.

चार दिवस काम करून शेपटीचा कॉक उघडला. आधी फुरफुर झाली, मग खालच्या डब्यात गंजाच्या रंगाचं पाणी पडायला लागलं. मामा वाकून डब्यात बघत म्हणाले, "एवढं सगळं हवेतनं?"