एजंट ऑरेंज आणि डायॉक्सिन: जंगल कशाने मेलं, माती कशाने नासली

व्हिएतनाम युद्धाचा विषय निघाला की ‘एजंट ऑरेंज’ आणि ‘डायॉक्सिन’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यातून दोन चुकीच्या समजुती निघतात: उजाड डोंगर म्हणजे विषारी माती, आणि हिरवं जंगल म्हणजे स्वच्छ माती.

एजंट ऑरेंज हे तणनाशक. २,४-डी आणि २,४,५-टी या दोन तणनाशकांचं निम्मं-निम्मं मिश्रण. पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यामुळे हे नाव पडलं. डायॉक्सिन हे जहाल विष, पण ते त्यात कोणी मुद्दाम घातलेलं नव्हतं. कारखान्यात २,४,५-टी बनवताना तापमान वाजवीपेक्षा चढलं की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन तयार होई आणि मालाबरोबर पिंपात जाई, तेही दहा लाखांत काही भाग एवढंच. (२,४-डी आपल्याकडे गव्हात, उसात आजही मारतात. हा दोष २,४,५-टीच्या बाजूचा.)

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी फवारणी केली. ही रसायनं झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. रुंद पानांचं झाड वेडंवाकडं वाढून मरतं, गवताला मात्र फारसं काही होत नाही. मातीत तणनाशक काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कुजून संपतं. मग डोंगर पुढची कित्येक वर्षं बोडके का राहिले? सावली गेली, दाभासारखं उंच गवत आणि बांबू माजला. ते गवत दर उन्हाळ्यात पेटायचं आणि उगवून आलेली रोपं त्यात जळायची. म्हणजे आडवं आलं ते गवत आणि वणवा.

खाडीकाठी अवस्था आणखी वाईट. सायगावजवळच्या कान जो भागात, आपल्या कोकणातल्या कांदळाच्याच जवळच्या नात्यातली झाडं होती. डोंगरातली बरीच झाडं मारायला दोन-तीन फवारण्या लागत, कांदळाला एक पुरली. त्याच्या जुन्या लाकडावर धुमारे फुटत नाहीत, त्यामुळे पानं झडली की झाड संपलं. शेंगेसारखी लोंबणारी रोपं भरतीवर तरंगत जाऊन रुजतात खरी, पण मैलोन् मैल आईझाडच उरलं नाही तर ती येणार कुठून? म्हणून १९७८पासून दक्षिण टोकाच्या का माउहून ही रोपं आणून चिखलात खोचली. २०००मध्ये कान जोला युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. डोंगरात मात्र देशी झाडं उघड्यावर लावली तर करपली. आधी अकेशियासारखी झपाट्याने वाढणारी झाडं लावून सावली करायची, गवत दबलं की त्याखाली मूळची झाडं, हा क्रम लागू पडला.

डायॉक्सिनचा हिशेब वेगळा. पानांवर, उघड्यावर पडलेलं बरंचसं उन्हाने तुटलं. त्यामुळे फवारलेल्या जंगलांत आज त्याचं प्रमाण सहसा कमी सापडतं. खरा साठा जिथे पिंपं ठेवली, विमानांत भरली, सांडली, टाक्या धुतल्या तिथे: दा नांग, बिएन होआ, फू कात हे हवाई तळ. मातीत गाडलं गेलेलं डायॉक्सिन अनेक दशकं टिकतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या कणाला चिकटतं. पावसाने गाळ तळ्यात जातो, गाळातून मासा, मग बदक, आणि शेवटी माणसाची चरबी. भातापेक्षा अशा तळ्यातली मासळी आणि बदकं धोक्याची, ती त्यामुळेच.

अशा मातीत झाडं खुशाल वाढतात, पण त्याने ती साफ होत नाही. दा नांगला सुमारे ९०,००० घनमीटर माती आणि गाळ उपसून काँक्रीटच्या बंदिस्त हौदात भरला आणि तापवणाऱ्या नळ्यांनी सुमारे ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत नेला. तेवढ्या उष्णतेत डायॉक्सिनचा बहुतेक भाग जागीच मोडतो, उरलेली वाफ ओढून गाळून घेतात. हे काम २०१२ला सुरू होऊन २०१८मध्ये संपलं. बिएन होआला यापेक्षा कितीतरी जास्त माती आहे. तिथलं काम २०१९च्या अखेरीस सुरू झालं.

मध्य व्हिएतनाममधल्या आ लुओई खोऱ्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. डोंगरउतारावर झाडं लावली ती जंगल परत यावं म्हणून. खाली डायॉक्सिनने नासलेल्या जुन्या आ सो धावपट्टीभोवतीही झाडं लावली, पण ती काटेरी, कुंपणासारखी. माणसं आणि गुरं आत शिरू नयेत, एवढंच त्यांचं काम होतं.