शिक्षणाचा परिभाषाकोश आणि शिक्षणाचा ज्ञानकोश : कोणता केव्हा उघडावा?

एम.एड.च्या लघुप्रबंधात पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ‘संज्ञांच्या व्याख्या’ असे एक उपशीर्षक असते. अशा एका लघुप्रबंधाचा कच्चा मसुदा वाचताना त्या शीर्षकाखाली मला पुढील वाक्य आढळले : ‘आकारिक मूल्यमापन म्हणजे फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन.’ खाली संदर्भ म्हणून एका परिभाषाकोशाचे नाव आणि पृष्ठक्रमांक नेटकेपणाने दिला होता. विद्यार्थिनी कष्टाळू होती, तिने ग्रंथालयात जाऊन खरोखरच कोश उघडला होता आणि त्यात जे होते तेच इमानाने उतरवले होते. तरीही ती व्याख्या नव्हती. एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द मांडला होता, इतकेच. याच मसुद्याच्या दुसऱ्या प्रकरणात, ‘संबंधित संशोधनाचा आढावा’ या मथळ्याखाली, ज्ञानकोशातील नोंदीचे दोन परिच्छेद जवळजवळ जसेच्या तसे आले होते. म्हणजे दोन कोश उघडले गेले आणि दोन्ही चुकीच्या कामाला लावले गेले.

हा दोष त्या विद्यार्थिनीचा एकटीचा नाही. आपल्या भाषेत ‘कोश’ हा एकच शब्द फार मोठा भार वाहतो. शब्दकोश, परिभाषाकोश, ज्ञानकोश, विश्वकोश, चरित्रकोश, सूचिकोश या सर्वांना आपण कोश म्हणतो, ते ग्रंथालयात एकाच संदर्भ विभागात, बहुधा एकाच कपाटात ठेवतो, आणि त्यांतील कोणताही घरी नेता येत नाही. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ते सारखे वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षणशास्त्रापुरते बोलायचे तर गोंधळ मुख्यतः दोहोंत होतो : परिभाषाकोश आणि ज्ञानकोश. त्यांना ओळखण्याची एक साधी खूण मी विद्यार्थ्यांना सांगतो. कोणतीही एक नोंद उघडा आणि तिच्यात क्रियापद आहे का ते पाहा. क्रियापद नसेल, तर तुमच्या हातात परिभाषाकोश आहे, कारण तो काही सांगत नाही, फक्त शब्द ठरवून देतो. क्रियापदे असतील आणि ती पुढे परिच्छेदांमागून परिच्छेद चालत असतील, तर तो ज्ञानकोश.

परिभाषाकोशाचे काम समजून घ्यायचे तर तो कोणत्या गरजेतून आला हे पाहावे लागते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, १९६० मध्ये, राज्यकारभार मराठीतून चालावा या हेतूने भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि प्रशासनाच्या शब्दांबरोबरच निरनिराळ्या ज्ञानशाखांच्या परिभाषेचे कोशही या संचालनालयाने तयार केले. शिक्षणशास्त्राचा परिभाषाकोश हा त्याच मालिकेतला. या कोशांची रचना ठरलेली असते. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा रोमन वर्णक्रमाने आणि तिच्यासमोर मराठी पर्याय, कधी एक, कधी दोन, क्वचित कंसात एखादा खुलासा. शब्द ठरवण्याचे काम तज्ज्ञांच्या समितीने केलेले असते, म्हणून नोंदीखाली कोणाचे नाव नसते. पाठ्यपुस्तक लिहिणारा लेखक, प्रश्नपत्रिका भाषांतरित करणारा प्राध्यापक आणि शासकीय परिपत्रकाचा मसुदा करणारा अधिकारी या तिघांनी एका संकल्पनेसाठी एकच मराठी शब्द वापरावा, ही त्यामागची अपेक्षा असते. हे काम क्षुल्लक मुळीच नाही. ‘करिक्युलम’ आणि ‘सिलॅबस’ या दोहोंनाही आपण बोलताना ‘अभ्यासक्रम’ म्हणतो, पण लेखनात पहिल्यासाठी ‘अभ्यासक्रम’ आणि दुसऱ्यासाठी ‘पाठ्यक्रम’ असा भेद केला नाही, तर शाळेतील एकूण शैक्षणिक अनुभवांची योजना आणि एका विषयातील घटकांची यादी यांतील अंतरच पुसले जाते. असे अंतर टिकवून धरणे हे परिभाषाकोशाचे खरे योगदान.

येथे एक भाषिक खाचखळगाही आहे, आणि हिंदीतील संदर्भग्रंथही वापरणारे मराठी विद्यार्थी त्यात हमखास अडखळतात. मराठीत ‘परिभाषा’ म्हणजे एखाद्या शास्त्राच्या पारिभाषिक शब्दांचा समुच्चय, आणि ‘डेफिनिशन’साठी आपला शब्द ‘व्याख्या’. हिंदीत मात्र ‘परिभाषा’ म्हणजेच व्याख्या. त्यामुळे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचा ‘परिभाषा कोश’ संज्ञांच्या व्याख्या देतो आणि नुसते पर्याय देणाऱ्या त्याच्या ग्रंथाला ‘शब्दावली’ किंवा ‘शब्द-संग्रह’ म्हणतात, तर मराठीतला परिभाषाकोश बहुतांशी पर्यायच देतो. नाव एक, ग्रंथाचा प्रकार वेगळा. व्याख्या हवी असेल तर इंग्रजीत त्यासाठी स्वतंत्र परंपरा आहे. कार्टर व्ही. गुड यांनी संपादित केलेला शिक्षणाचा शब्दकोश अमेरिकेत १९४५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९५९ व १९७३ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यातील नोंद एकदोन वाक्यांची असते, पण ती वाक्ये असतात. लघुप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हव्या असलेल्या संकल्पनात्मक व्याख्येसाठी असा कोश उघडावा, आणि ‘या संशोधनात अमुक संज्ञेने तमुक अभिप्रेत आहे’ ही कार्यात्मक व्याख्या मात्र संशोधकाने स्वतःच करावी. ती कोणत्याही कोशात मिळत नाही.

आता ज्ञानकोशाकडे वळू. पुन्हा आकारिक मूल्यमापनाचेच उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्रातील प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या नोंदवहीत हा शब्द आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २०१० मध्ये राज्यात लागू झाल्यापासून दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने वापरून शिक्षक ‘आकारिक’चे गुण भरतात आणि सत्राच्या अखेरीस ‘संकलित’चे. परिभाषाकोशाच्या पद्धतीने या संज्ञेचा विचार केला, तर काम एका ओळीत संपते : ‘फॉर्मेटिव्ह’ला आकारिक आणि ‘समेटिव्ह’ला संकलित, तर हिंदीत अनुक्रमे रचनात्मक आणि योगात्मक. ज्ञानकोशाच्या पद्धतीने पाहू लागलो की तेथूनच खरी सुरुवात होते. हा भेद मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वर्गातील मूल नव्हते, तर तयार होत असलेला अभ्यासक्रम होता. अभ्यासक्रम घडत असतानाच त्याची पारख करून त्यात दुरुस्ती करायची, ते आकारिक, आणि तो तयार झाल्यावर त्याच्या यशापयशाचा निवाडा करायचा, ते संकलित. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मधील ग्रंथात ही कल्पना विद्यार्थ्याच्या अध्ययनाला लावली. हे एकदा कळले की एक गोष्ट लख्ख होते : आकारिक मूल्यमापनाचा हेतू चालू कामात सुधारणा हा आहे, आणि ज्या नोंदीवरून उद्याच्या अध्यापनात काहीच बदलत नाही, ती नोंद या साधनांच्या रकान्यांत कितीही व्यवस्थित भरली असली तरी मूळ अर्थाने आकारिक नव्हे. हे भान शब्दाच्या पर्यायातून येत नाही. ते संकल्पनेच्या इतिहासातून येते, आणि तो इतिहास सांगणे हे ज्ञानकोशाचे काम.

ग्रंथाच्या नावावर मात्र विसंबून राहू नये. फ्रान्समध्ये फेर्दिनां ब्युइसाँ यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात जो प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला, त्याच्या नावात ‘शब्दकोश’ असे म्हटले आहे, परंतु तो अंतर्बाह्य ज्ञानकोश आहे. मोफत, सक्तीच्या आणि धर्मनिरपेक्ष शाळेची उभारणी करणाऱ्या त्या काळातील प्राथमिक शिक्षकांना त्यातून अध्यापनशास्त्रही मिळाले आणि नव्या शाळेमागची भूमिकाही. १९११ च्या त्याच्या नव्या आवृत्तीत शिक्षणाविषयीची नोंद समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी लिहिली, आणि ती आजही स्वतंत्र निबंध म्हणून वाचली जाते. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत पॉल मन्रो यांच्या संपादनाखालील शिक्षणाच्या ज्ञानकोशाचा पहिला खंड निघाला. पाच खंडांचे हे काम १९१३ मध्ये पूर्ण झाले आणि त्यात शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी अनेक नोंदी लिहिल्या. या मन्रोंची आणि वॉल्टर एस. मन्रोंची गल्लत होऊ देऊ नये. दुसऱ्या मन्रोंनी १९४१ मध्ये संपादित केलेला कोश शैक्षणिक संशोधनाचा आहे. एखाद्या प्रश्नावर कोणकोणते अभ्यास झाले आणि त्यांतून काय हाती लागले, याचा आढावा तो घेतो. लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी, म्हणजे संशोधनाच्या आढाव्यासाठी, उपयोगी पडतो तो या जातीचा ग्रंथ. भारतात हेच काम म. बु. बुच यांच्या संपादनाखाली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७४ मध्ये निघालेल्या शैक्षणिक संशोधनाच्या सर्वेक्षणाने सुरू केले. पुढील काही सर्वेक्षणे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने प्रसिद्ध केली.

मराठीत शिक्षणविषयक ज्ञानकोशीय नोंदींसाठी सहज हाताशी असलेला ग्रंथ म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला हे काम उभे राहिले, आणि त्याच्या इतिहासातील एक तपशील माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, परंतु त्याआधी, १९७३ मध्ये, विश्वकोशाचा ‘परिभाषा संग्रह’ प्रसिद्ध झाला. आधी शब्द ठरवले आणि मग त्या शब्दांनी नोंदी लिहिल्या. इंग्रजीतून आलेल्या शास्त्रावर मराठीत लिहायचे म्हटल्यावर दुसरा मार्गही नव्हता. वाचकानेही हाच क्रम ठेवावा असे मी सुचवतो. परिभाषाकोशात शिरायला इंग्रजी शब्द माहीत असावा लागतो, तर विश्वकोशात शिरायला मराठी शीर्षक. म्हणून पहिल्यातून मराठी संज्ञा मिळवावी आणि ती घेऊन दुसऱ्याकडे जावे. जाताना वर्णक्रम लक्षात ठेवावा. विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने उघडतो, म्हणजे अनुस्वारयुक्त अक्षर आधी येते, आणि हे ठाऊक नसलेला वाचक ‘अंतर्निरीक्षण’ भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

छापील विश्वकोशातील नोंदीचा शेवटही नीट पाहावा. मजकूर संपल्यावर ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदींची शीर्षके दिलेली असतात, त्याखाली संदर्भग्रंथांची यादी असते आणि शेवटी नोंद लिहिणाऱ्याचे नाव असते. म्हणून ज्ञानकोशाचा संदर्भ देताना नोंदलेखक, नोंदीचे शीर्षक, खंड आणि वर्ष द्यावे, तर परिभाषाकोशाचा संदर्भ संस्थेच्या नावे द्यावा.

दोन्ही ग्रंथ जुने होतात, पण वेगवेगळ्या रीतीने. परिभाषाकोशातले शब्द व्यवहाराच्या मागे पडतात. ‘अपंग’ या शब्दाची जागा आज ‘दिव्यांग’ आणि ‘विशेष गरजा असणारी बालके’ या शब्दांनी घेतली आहे, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर शिक्षकांच्या तोंडी रुळलेला ‘ज्ञानरचनावाद’ (मूल स्वतःच्या अनुभवांतून ज्ञान रचते हा विचार) जुन्या कोशात सापडण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. ज्ञानकोशाचे जुने होणे अधिक फसवे असते, कारण वर्णक्रमाने निघणाऱ्या ग्रंथाचे वय सर्वत्र सारखे नसते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. १९७६ मध्येच झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. म्हणजे ‘अ’पासून सुरू होणाऱ्या शिक्षणविषयक नोंदी ज्या भारतात लिहिल्या गेल्या, त्या भारतात शिक्षण मुख्यतः राज्यांचा विषय होते, आणि ‘स’पासूनच्या नोंदी बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या काळापर्यंत येऊन पोहोचतात. अध्यापनाची तत्त्वे सांगणारी जुनी नोंद आजही विश्वासाने वाचावी. शिक्षणव्यवस्थेची रचना, कायदा किंवा धोरण सांगणारी नोंद वाचताना मात्र आधी खंडाचे प्रकाशनवर्ष पाहावे. ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने लावतो.

आकडे हवे असतील तर या दोहोंपैकी काहीच उघडू नये. ‘शिक्षक-विद्यार्थी प्रमाण’ या संज्ञेचा मराठी पर्याय परिभाषाकोश देईल, त्या प्रमाणाचा अध्ययनावर काय परिणाम होतो याची चर्चा ज्ञानकोश करील, कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ठरवला आहे हे शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मिळेल, आणि आपल्या तालुक्यातील शाळांत प्रत्यक्षात ते किती आहे हे त्या वर्षीच्या यू-डायसच्या, म्हणजे शाळांची आकडेवारी गोळा करणाऱ्या शासकीय प्रणालीच्या, माहितीतच पाहावे लागेल.