न्यून, पूर्ण आणि परफेक्ट

सदाशिव पेठेत संध्याकाळी माझ्याकडे चार-पाच मुलं मराठीच्या शिकवणीला येतात. त्यांतली एक चौथीत आहे. शुद्धलेखनाच्या वहीत ती एक ओळ लिहिते, वही लांब धरून पाहते आणि खोडते. 'ळ'ची गाठ हवी तशी वळली नाही म्हणून पुन्हा खोडते. कागद आधी मळतो, मग खरबरीत होतो, मग फाटतो. मग ती ते पान टरकावते. टरकावलं की पिनेच्या पलीकडचं जोडपान सुटतं, आणि तिथे आधीच नीट लिहिलेलं असतं तेही निखळून हातात येतं. मागच्या पावसाळ्यात शंभर पानी वहीची अशी साठेक पानं उरली होती. का गं फाडतेस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काकू, परफेक्ट नाही आलं."

तिच्या पणजीने हेच सांगायचं तर काय म्हटलं असतं, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. "नीट आलं नाही" म्हणाली असती. किंवा सुबक, रेखीव, टापटीप, चोख, बिनचूक यांतलं काहीतरी. हे शब्द बहुतेक वेळा वस्तूला लागतात, कामाला लागतात. माणसाला लागले तरी हद्द सांगून लागतात: व्यवहाराला चोख, हिशेबाला पक्का, हाताला सुबक. 'परफेक्ट' तसा थांबत नाही. अक्षर परफेक्ट नाही इथून मी परफेक्ट नाही इथपर्यंत तो एका दमात जातो. हा शब्द आपल्या घरात कसा आला आणि येताना त्याने कुणाची जागा घेतली, ते मागे जाऊन पाहावंसं वाटलं.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: शेवटास नेलेलं, पुरं केलेलं. ॲरिस्टॉटलने ग्रीकमधल्या अशाच शब्दाचे अर्थ सांगितले, त्यांतला पहिला म्हणजे ज्याचा एकही भाग बाहेर राहिलेला नाही ते. डाग नाही, चूक नाही, हा अर्थ तिथे आघाडीवर नाही. आपल्याकडचा 'पूर्ण'ही त्याच जातीचा. ईशावास्य उपनिषदाच्या शांतिमंत्रात पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं. त्या पूर्णाला उणं करताच येत नाही.

पुण्याच्या आसपासच्या मातीत हा विचार मराठीत उतरला तो आणखी जवळचा होऊन. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला पुरी झाली आणि १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ते श्रोत्यांना विनवतात: 'न्यून ते पुरतें, अधिक तें सरतें' करून घ्या. कमी पडेल ते भरून घ्या, जास्त होईल ते चालवून घ्या. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती केवळ नम्रता नाही हे फार उशिरा लक्षात आलं. त्यात कामाची एक पद्धत सांगितली आहे. बोलणाऱ्याचं उणं ऐकणारा भरून काढतो आणि ग्रंथ दोघांत मिळून पुरा होतो. उणं राहील हे बोलणाऱ्याने आधीच धरलं आहे, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नाही. आज चौथीतल्या मुलीला वाटते आहे.

याचा अर्थ जुन्या काळी कामाची कसोटी सैल होती असा मुळीच नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पूर्ण लेखनक्रियेवरच आहे. बाळबोध अक्षर 'घडसुनी करावें सुंदर' असं समर्थ सांगतात. घडसुनी म्हणजे घोटून घोटून. अक्षर गोल, सुटं, ओळी सरळ, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे. छापखाने नसलेल्या काळात एका नकलेतली चूक पुढच्या प्रत्येक नकलेत जाणार, म्हणून हा आग्रह. मला तो पटतो, मीही मुलांकडून अक्षर घोटून घेते. पण समर्थांनी त्या ओवीत फळ कोणतं सांगितलं आहे? पाहताक्षणी चतुरांना समाधान व्हावं, हे. लिहिणाऱ्याची किंमत त्या अक्षरावरून ठरवायला तिथे कुणी बसलेलं नाही.

किंमत ठरवायला कुणीतरी बसलं ते एकोणिसाव्या शतकात. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. परीक्षेने या शहराला पुष्कळ दिलं. वतन नसलेल्या, जमीन नसलेल्या घरातला मुलगा केवळ अभ्यासाच्या बळावर वकील, शिक्षक, मुन्सफ होऊ लागला, हे लहान नव्हे. पण त्यासोबत भाषेत एक नवा शब्द शिरला, नापास. तोवर गणित चुकायचं, उत्तर चुकायचं, पाठ चुकायचा. आता मुलगा नापास होऊ लागला. चूक उत्तरावरून उठली आणि माणसावर जाऊन बसली.

पुढचा टप्पा माझ्या पिढीने पाहिला. महाराष्ट्र राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आलं, मुख्यालय पुण्यात. बोर्ड पुण्यात म्हणून निकालाचा दिवस पुण्यात जरा जास्तच तापायचा. 'बोर्डात आला' हा वाक्प्रचार तेव्हाचा. गुणवत्ता यादीत नाव असणं म्हणजे बोर्डात येणं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आई पेढा भरवतानाचे फोटो, आणि घराघरांत आपापल्या मुलाकडे बघत ते फोटो पाहणं. मला दहावीला गणितात १५० पैकी १४४ मिळाले होते. आई पेढे घेऊन शेजारी गेली. शेजारच्या काकांनी पेढा तोंडात टाकला आणि मला विचारलं, "सहा कुठे गेले?" ते वाईट नव्हते, कौतुकानेच विचारत होते. पण त्या परीक्षेतलं बाकी काहीही मला आज आठवत नाही, ते सहा आठवतात. गुणवत्ता यादी पुढे बंद झाली. टक्क्यांमागचा दशांश मात्र राहिला.

आपल्याकडे याला 'नावं ठेवणं' म्हणतात. पुण्याचं यात नाव आहे, आणि चांगल्या अर्थानेही आहे: तान कुठे ओढली गेली, भाषणात कोणता शब्द अशुद्ध होता, हे सांगणारा श्रोता इथे भेटतो, आणि त्याच्यामुळे इथलं गाणं आणि वक्तृत्व घासूनपुसून राहिलं. निंदकाचं घर असावं शेजारी, असं आपण म्हणतो तेही याचसाठी. फरक इतकाच की तो निंदक शेजारी राहायचा. चौथीतल्या मुलीचा निंदक तिच्या आतच राहायला आला आहे.

या आतल्या निंदकावर पश्चिमेकडच्या मानसशास्त्रात गेल्या पाऊणशे वर्षांत बरंच काम झालं. कॅरेन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईंनी १९५० मध्ये 'असं असायला हवं, तसं असायला हवं' या आतल्या हुकमांना जुलूमशाही म्हटलं. माणूस स्वतःची एक आदर्श प्रतिमा उभी करतो आणि मग खऱ्या स्वतःचा तिरस्कार करू लागतो, हे त्यांचं म्हणणं. पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये आपली उपचारपद्धती सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ म्हणतात, आणि ती आपल्याकडे रुजवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. इच्छा असणं ठीक, पण इच्छेची सक्ती झाली की दुखणं सुरू होतं, असं एलिस सांगत. हे मराठीत जितकं सोपं दिसतं तितकं इंग्रजीतही दिसत नसेल, कारण आपल्याकडे त्यासाठी एकच अक्षर आहे. 'मला पहिलं यायला पाहिजे' आणि 'मला पहिलं यायलाच पाहिजे.' त्या 'च'मध्ये सगळं आलं. मी आता मुलांच्या बोलण्यात तो 'च' ऐकू आला की थांबवते आणि वाक्य पुन्हा, 'च' काढून म्हणायला लावते. सुरुवातीला हसतात. काही जणांचे खांदे मात्र खरोखर खाली येतात.

एलिस यांचा दुसरा मुद्दा मला त्याहून मोलाचा वाटतो. माणसाच्या कृतींना गुण द्या, आख्ख्या माणसाला देऊ नका. आज हजार गोष्टी करणारा, उद्या बदलणारा माणूस एका आकड्यात मावतच नाही. म्हणून त्यांना स्वतःबद्दलचं चांगलं मत पुरेसं वाटत नव्हतं. चांगलं मत म्हणजेही शेवटी गुणच देणं, निकाल फिरला की तेही फिरतं. त्याऐवजी ते बिनशर्त स्वस्वीकार म्हणत.

परफेक्ट असण्याचा ध्यास एकाच तऱ्हेचा नसतो, हे १९९१ मध्ये कॅनडातल्या पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी मांडलं. स्वतःकडून बिनचूकपणा मागणं, दुसऱ्याकडून मागणं, आणि लोक आपल्याकडून मागताहेत असं वाटत राहणं. पुढे ब्रिटनमधले टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र केली. तिन्ही तऱ्हा वाढलेल्या दिसल्या, सर्वांत जास्त तिसरी. ते आकडे आपल्या मुलांचे नाहीत. पण 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांत वाढलेल्या समाजाला तिसरी तऱ्हा कुणी समजावून सांगायला नको.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. स्वीकार म्हणजे 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' का? तुकोबांच्या त्या ओळीचा पुढचा अर्धा भाग चित्तातल्या समाधानाबद्दल आहे, पण पहिला अर्धा भाग तोडून दुसऱ्याला जागेवर बसवण्यासाठी आपण फार वापरला. म्हणून मला चोखोबा आठवतात. चौदाव्या शतकात त्यांना समाजाने जन्मावरूनच उणं ठरवलं होतं, मंदिराबाहेर उभं केलं होतं. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' असं ते म्हणाले. उसाचा वाकडेपणा त्यांनी नाकारला नाही. त्यावरून रसाचा निकाल लावणाऱ्याला विचारलं, वरच्या रंगाला काय भुललास? मराठीत स्वस्वीकाराचं याहून ताठ वाक्य मला माहीत नाही. आणि १८४८ मध्ये याच पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा वाटेत सावित्रीबाईंवर शेण आणि दगड फेकणारे लोकही एक निकालच देत होते: शिकणं हे या बायकांचं काम नव्हे. तो निकाल त्यांनी स्वीकारला नाही. स्वतःला स्वीकारणारं माणूसच दुसऱ्याने लावलेला निकाल परत करू शकतं.

आता या मुलीच्या वहीशी थेट जोडलेली एक गोष्ट. लॉ कॉलेज रोडवरची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली, पहिल्या पदवीधरांतल्या त्याच भांडारकरांच्या नावाने. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ते हाती घेतलं आणि १९४३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ओढलं. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा लिप्यांतली १,२५९ हस्तलिखितं जमवून, ओळीला ओळ लावून पाठ, म्हणजे कुठे कोणते शब्द धरायचे ते, ठरवले. काम पुरं झालं १९६६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बोर्ड आलं त्याच वर्षी. सत्तेचाळीस वर्षं. या शहरात याहून काटेकोर काम क्वचितच झालं असेल.

पण त्या आवृत्तीचं पान उघडा. काही शब्दांखाली, काही अख्ख्या चरणांखाली नागमोडी रेघ आहे. जिथे हस्तलिखितांवरून पाठ पक्का ठरवता आला नाही, तिथे संपादकांनी जवळात जवळचा पाठ छापला आणि खाली ती रेघ ओढली. इथे आमची खात्री नाही, असं सांगणारी. हेच व्यासांचं मूळ महाभारत असा दावाही सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितकं मागे जाता येतं तितके आम्ही गेलो, एवढंच म्हटलं. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या रेघेवरच बोट ठेवून बसले होते.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की पुण्यात काही फार हुशार माणसांनी एक खूप मोठं पुस्तक केलं, आणि जिथे खात्री नव्हती तिथे त्यांनी खोडलं नाही, खाली अशी रेघ काढली. तिने विचारलं, "आणि तसंच छापलं?" हो म्हटलं, तसंच छापलं. गेल्या मंगळवारच्या तिच्या पानावर सात नागमोडी रेघा आहेत. चार 'ळ'खाली, दोन 'क्ष'खाली आणि एक तिच्या स्वतःच्या नावातल्या जोडाक्षराखाली. पान वहीत आहे.