स्टो हाऊस : वाढत गेलेली हवेली, वाढत गेलेले कर्ज

इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातल्या स्टो हाऊसचा इतिहास मुख्यतः वारसाहक्काचा आणि कर्जाचा आहे. वास्तुकला त्यातूनच उभी राहिली.

टेंपल घराण्याने मेंढपाळीत पैसा मिळवला आणि १५८९ मध्ये ही जमीन विकत घेतली. १६७७ च्या सुमारास सर रिचर्ड टेंपल यांनी तिथे विटांचे आटोपशीर घर बांधले. त्यांचे चिरंजीव लॉर्ड कोबहॅम लष्करात नाव कमावलेले. १७३३ मध्ये पंतप्रधान वॉलपोल यांच्याशी फाटल्यावर त्यांनी आपले राजकारण थेट बागेत मांडले. तिथले ‘आधुनिक सद्गुणांचे मंदिर’ मुद्दाम पडके बांधलेले होते आणि आतल्या मुंडके नसलेल्या पुतळ्यात लोकांना वॉलपोलच दिसले. पुढे विख्यात झालेला उद्यानकार ‘केपेबिलिटी’ ब्राऊन याच बागेत १७४१ मध्ये मुख्य माळी म्हणून लागला.

कोबहॅम निपुत्रिक होते. त्यामुळे १७४९ मध्ये इस्टेट त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे ग्रेनव्हिल घराण्यात गेली. भाचे अर्ल टेंपल यांनी दक्षिणेकडची भव्य दर्शनी बाजू उभी केली. आराखडा वास्तुकार रॉबर्ट ॲडमचा, पण तो थॉमस पिट यांनी बदलून घेतला. काम पुरे झाले १७७९ मध्ये, आणि त्याच वर्षी अर्ल वारले.

आतले लंबवर्तुळाकार मार्बल सलून, म्हणजे मुख्य दालन, मात्र निवांत पाहावे असे आहे. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरासारखा घुमट, माथ्यावरून येणारा उजेड, खाली रोमन मिरवणुकीचा उठावदार पट्टा. खांब संगमरवरी वाटतात, प्रत्यक्षात ते स्कॅग्लिओलाचे आहेत : प्लास्टरमध्ये रंग कालवून, घोटून चकाकी आणलेले. माझ्या मते हवेलीतली सर्वांत देखणी कारागिरी हीच.

इस्टेट लग्नांतून वाढत गेली. वारसदार मुलींशी सोयरिकी झाल्या, जमिनींबरोबर आडनावेही जोडली गेली. होता होता ते टेंपल-नुजेंट-ब्रिजेस-चँडोस-ग्रेनव्हिल असे पाच घराण्यांचे झाले. १८२२ मध्ये बकिंगहॅमचे ड्यूकपद मिळाले. खर्च मात्र उत्पन्नापुढे धावत होता. दुसऱ्या ड्यूकनी जानेवारी १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे थाटात स्वागत केले, तेव्हा डोक्यावर दहा लाख पौंडांहून अधिक कर्ज होते. १८४८ मध्ये घरातले सामान लिलावात निघाले. चित्रे, पुतळे, चांदीची भांडी यांची विक्री ४० दिवस चालली आणि हाती आले जेमतेम ७५,००० पौंड! त्या कर्जापुढे ही रक्कम म्हणजे दर्यामे खसखस.

तिसऱ्या ड्यूकनी नेटाने घडी बसवली. १८७५ ते १८८० ते मद्रासचे गव्हर्नर होते. तिथला बकिंगहॅम कालवा त्यांच्याच नावाचा. दुष्काळी कामे म्हणून त्याचा शहरातला भाग खोदला गेला. १८८९ मध्ये ते वारले. मुलगा नसल्याने ड्यूकपद संपले आणि इस्टेट कन्येकडे गेली.

१९२१ च्या विक्रीत घराण्याचा संबंध तुटला. दक्षिणेच्या पायऱ्यांवरचे शिशाचे सिंहही तेव्हा विकले गेले आणि ब्लॅकपूलच्या स्टॅनली पार्कमध्ये पोचले. मे १९२३ मध्ये इथे शाळा सुरू झाली, आणि माझ्या दृष्टीने वास्तू वाचली ती यामुळेच. त्या काळात अशा कितीतरी हवेल्या पाडल्या गेल्या. तरी एवढ्या पसाऱ्याची देखभाल शाळेला एकटीने झेपणारी नव्हती. १९८९ मध्ये बागा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे गेल्या. इमारतीसाठी १९९७ मध्ये वेगळा न्यास स्थापन झाला आणि दुरुस्ती टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आली. तिच्यात सिंहांच्या प्रतिकृतीही पायऱ्यांवर बसवल्या गेल्या.