एव्हरग्लेड्स : वळवलेल्या पाण्याची पार्श्वभूमी

२०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या अफाट दलदलीत, जवळजवळ ओस पडलेल्या एका धावपट्टीवर स्थलांतरितांना डांबून ठेवण्यासाठी छावणी उघडली गेली. तिच्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांमध्ये मिकोसुकी आदिवासी होते आणि ‘फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स’ ही संस्थाही होती. ही संस्था १९६९ साली स्थापन झाली, तीच मुळी या धावपट्टीच्या जागी होऊ घातलेला विमानतळ थांबवण्यासाठी. शहरापासून इतक्या लांब, पाणथळ रानात धावपट्टी बांधण्याची बुद्धी कुणाला आणि का झाली, हे कळायला एव्हरग्लेड्सच्या पाण्याचा इतिहास बघावा लागतो.

फ्लोरिडाच्या मध्यातून किसिमी नदी दक्षिणेकडे वाहत येते आणि ओकीचोबी सरोवराला मिळते. सरोवर विस्ताराने प्रचंड, पण उथळ. पूर्वी भर पावसाळ्यात ते दक्षिण काठावरून ओसंडायचं आणि त्याचं पाणी पन्नास-साठ मैल रुंदीच्या पट्ट्यातून शंभरएक मैल सरकत समुद्राला मिळायचं. जमिनीचा उतार मैलाला जेमतेम दोन इंच. त्यामुळे हे वाहणं डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दिसतं ते करवतीसारख्या धारदार पात्यांचं सॉग्रास, मधूनमधून झाडांची बेटं आणि किनाऱ्याशी कांदळवन. हिवाळ्यात पाऊस थांबतो, पाणी आटत डबक्यांत गोळा होतं, मासे तिथे दाटीने सापडतात आणि बगळे, करकोचे नेमकी तेव्हाच पिल्लं वाढवतात. पाणी भलत्या महिन्यात सोडलं तर मासे पांगतात आणि पक्षी घरटी सोडून जातात. एव्हरग्लेड्सला पाणी किती मिळतं याइतकंच ते केव्हा मिळतं हेही महत्त्वाचं आहे.

युरोपीय येण्याआधी या किनाऱ्यांवर कलुसा आणि टेकेस्टा लोक राहत होते. पुढे एकोणिसाव्या शतकात सेमिनोल लोकांना पश्चिमेला हाकलून देण्यासाठी अमेरिकेने तीन युद्धं केली. शेवटचं १८५८ साली संपलं. उरलेल्या मोजक्या कुटुंबांनी याच दलदलीत आसरा घेतला. आजचे सेमिनोल आणि मिकोसुकी त्यांचेच वंशज आहेत. सरकारी कागदांत मात्र ही सगळी निरुपयोगी जमीन होती. १८५० च्या कायद्याने केंद्राने अशा पाणथळ जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, त्या कोरड्या कराव्यात या अपेक्षेने. १८८१ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॅमिल्टन डिस्टन या कारखानदाराने एकरी २५ सेंट या भावाने ४० लाख एकर जमीन घेतली आणि कालवे खणायला सुरुवात केली. त्याला फारसं यश आलं नाही. १९०५ साली गव्हर्नर झालेल्या नेपोलियन ब्रॉवर्डने तेच काम सरकारी खर्चाने हाती घेतलं.

त्याच काळात पक्ष्यांवर वेगळंच संकट होतं. बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसं खोवण्याची फॅशन होती आणि त्या पिसांना सोन्याहून जास्त भाव मिळे. सर्वात सुंदर पिसं विणीच्या हंगामात येतात, म्हणून शिकारी थेट वसाहतींवर जात आणि पिल्लं घरट्यातच उपाशी मरत. गाय ब्रॅडली हा तरुण लहानपणी स्वतः पिसं विकायचा, पुढे पक्ष्यांचा रखवालदार झाला. जुलै १९०५ मध्ये फ्लेमिंगो गावाजवळ शिकाऱ्यांना अटक करायला गेला असताना त्याला गोळी घालून मारलं. ज्याने मारलं त्याच्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. तरी या खुनाने देश हलला आणि १९१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने पिसांच्या विक्रीवर बंदी घातली.

कालव्यांनी उघडी पडलेली काळी, कुजलेल्या वनस्पतींची माती शेतीला फार कसदार होती. पण अशी माती पाण्याखाली असते तोवरच टिकते. हवा लागली की तिचं विघटन होतं, ती वाळून पेटते, वाऱ्याने उडून जाते. बेल ग्लेडच्या कृषी संशोधन केंद्रात १९२४ साली खडकापर्यंत एक काँक्रीटचा खांब रोवला. त्याचं डोकं तेव्हा जमिनीच्या पातळीला होतं. आज तो सहा फुटांच्या वर उघडा आहे. माणसाच्या उंचीची माती शंभर वर्षांच्या आत गेली.

सप्टेंबर १९२८ च्या चक्रीवादळात ओकीचोबीचा मातीचा बांध फुटला आणि किमान २,५०० माणसं बुडाली. त्यांतले बहुसंख्य शेतांवर राबणारे कृष्णवर्णीय मजूर होते. त्यांना सामूहिक खड्ड्यांत पुरलं गेलं, शवपेट्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. यानंतर सरोवराभोवती हर्बर्ट हूव्हर बांध उभा राहिला. जीव वाचवण्यासाठी तो हवाच होता, पण दक्षिणेकडचं ओसंडणं त्याने कायमचं बंद केलं. १९२८ सालीच टामायामी ट्रेल हा रस्ता दलदलीतून आडवा गेला आणि प्रवाहाला दुसरा बांध बसला.

राष्ट्रीय उद्यानाची कल्पना अर्नेस्ट को या उद्यान-रचनाकाराने वर्षानुवर्षं लावून धरली. १९३४ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली, उद्घाटन मात्र राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते ६ डिसेंबर १९४७ ला झालं. को यांनी मागितली होती त्याहून हद्द कितीतरी लहान होती आणि ते त्यावर अतिशय नाराज होते. माझ्या मते त्यांचं दुखणं अगदी खरं होतं. उद्यान प्रवाहाच्या शेपटाशी आखलेलं, आणि वरचं सगळं पाणी दुसऱ्यांच्या हातात. त्याच वर्षी लेखिका मार्जरी स्टोनमन डग्लस यांचं ‘द एव्हरग्लेड्स : रिव्हर ऑफ ग्रास’ प्रसिद्ध झालं. ही साचलेली दलदल आहे हा समज त्या पुस्तकाने पुसून टाकला. आणि त्याच वर्षीच्या वादळांनी दक्षिण फ्लोरिडा महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवला. पुस्तकापेक्षा पुराचा परिणाम लवकर झाला. १९४८ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाला शेकडो मैलांचे कालवे, बांध, दरवाजे आणि पंप उभारण्याचं काम मिळालं. सरोवराच्या दक्षिणेला सुमारे सात लाख एकर शेतीसाठी राखले गेले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाची साखर अमेरिकेत बंद झाली आणि तिथे ऊस पसरला. वळणावळणाची १०३ मैलांची किसिमी १९६२ ते १९७१ दरम्यान ५६ मैलांचा सरळ कालवा झाली. उद्यान इतकं कोरडं पडलं की १९७० मध्ये त्याला वर्षाकाठी किमान किती पाणी सोडायचं याचा कायदा संसदेला करावा लागला.

विमानतळ याच काळातला. १९६८ मध्ये एव्हरग्लेड्सच्या बिग सायप्रस या भागात जगातला सर्वात मोठा विमानतळ बांधायला घेतला. डग्लस तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांनीच ‘फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स’ काढली, गावोगाव भाषणं केली. १९७० मध्ये काम थांबलं तेव्हा एकच धावपट्टी पुरी झाली होती. १९७४ मध्ये भोवतालचा बिग सायप्रस राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाला.

उसाच्या राजकारणाची ताकद मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसमुळे सॉग्रासच्या जागी पाणकणीस माजलं. १९८८ मध्ये केंद्र सरकारनेच राज्याच्या यंत्रणांवर दावा लावला. त्यातून पुढे पाण्यात फॉस्फरस अब्जात १० भागांपेक्षा जास्त नको ही मर्यादा ठरली आणि पाणी गाळण्यासाठी हजारो एकरांच्या कृत्रिम पाणथळी बांधल्या गेल्या. युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरवलेलं हे उद्यान १९९३ मध्ये धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं, २००७ मध्ये बाहेर आलं आणि २०१० मध्ये परत आत गेलं.

याच काळात घरी पाळून सोडलेल्या बर्मी अजगरांनी इथे वस्ती केली आणि रकून, ऑपोसमसारखे प्राणी उद्यानाच्या दक्षिण भागातून जवळपास नाहीसे झाले. २०१७ मध्ये फ्लोरिडाने तामिळनाडूतून मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या इरुळा आदिवासी जमातीतल्या दोन सर्पतज्ज्ञांना बोलावलं. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी १३ अजगर पकडले. दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

डिसेंबर २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी पुनरुज्जीवनाच्या योजनेवर सही केली. अंदाज ७.८ अब्ज डॉलरचा होता, तो पुढे कितीतरी पटींनी वाढला. ज्या अभियंता दलाने पाणी वळवलं तेच आता ते परत आणतंय. किसिमीचा मधला भाग बुजवून नदीला जुनी वळणं दिली गेली, ते काम २०२१ मध्ये संपलं आणि पाणपक्षी तिथे अपेक्षेहून लवकर परतले. टामायामी ट्रेलचा काही भाग २०१३ पासून पुलांवर उचलला गेला आहे. सगळ्यात अवघड काम मधल्या ऊसपट्ट्यात आहे. सरोवर भरलं की जादा पाणी आजही पूर्व-पश्चिमेच्या नद्यांतून समुद्रात सोडतात आणि तिथे निळ्या-हिरव्या शेवाळाचे थर येतात. ते दक्षिणेला वळवण्यासाठी १०,५०० एकरांचा साठवण तलाव बांधला जातोय. त्याला जोडलेली ६,५०० एकरांची गाळण-पाणथळ आधीच तयार आहे. तलाव भरेपर्यंत उद्यानाला मिळणारं पाणी कमीच राहील. तोवर दक्षिणेकडून समुद्र चढतोय आणि खारं पाणी भूजलात शिरतंय. दक्षिण फ्लोरिडातले लाखो लोक तेच भूजल पितात.